बाकावरचे पाच

२०१६ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला आलं होतं. त्याच दिवशी मलेशियातल्या कुआंतानमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना होता. भारताचा कर्णधार पी. आर. श्रीजेश मैदानात नव्हता. उपांत्य सामन्यात कोरियाविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्यानेच संघाला तारलं होतं, पण दुखापतीमुळे अंतिम सामना त्याला बाहेरून बघावा लागला. त्याच्या जागी गोलपुढे उभा राहिला यवतमाळचा आकाश चिकटे. पाकिस्तानने दोन गोलांची पिछाडी भरून काढून २-२ अशी बरोबरी साधली, मग निक्किन तिमय्याने तिसरा गोल केला, आणि उरलेली मिनिटं चिकटे आणि त्याच्या बचावफळीने सांभाळली. भारत ३-२ ने जिंकला. गोल करणाऱ्यांची नावं पुष्कळांना आठवतात. ज्या मुलाला ऐनवेळी सगळ्यात अवघड जागी उभं केलं, त्याचं नाव विचारलं तर महाराष्ट्रातसुद्धा दहातले नऊ जण गप्प होतील.

संघातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाइतकं एकाकी काम हॉकीत दुसरं नाही. बाकीचे राखीव खेळाडू दर पाच-सहा मिनिटांनी आत-बाहेर करत असतात. गोलरक्षक मोठ्या सामन्यात सहसा बदलत नाहीत. सरावात मात्र त्याला सुट्टी नसते. पेनल्टी कॉर्नर मारणारे आपलेच सहकारी ताशी शंभर किलोमीटरच्या वरच्या वेगाने चेंडू मारत असतात आणि ते अंगावर, पॅडवर, किकरवर घ्यायचे असतात. सामन्याच्या दिवशी पहिल्या गोलरक्षकाचा वॉर्म-अप करून घ्यायचा, त्याचा हात आणि नजर बसली की बाजूला व्हायचं, आणि मग साठ मिनिटं अशा तयारीत बसायचं की पुढच्या क्षणी हाक येईल. बहुतेक वेळा ती येत नाही.

२०१७ मध्ये आली. मे महिन्यात अझलान शाह करंडकात श्रीजेशचा गुडघा दुखावला आणि तो कित्येक महिने बाहेर गेला. आता महाराष्ट्राचे दोन गोलरक्षक एकदम भारतीय संघात होते, यवतमाळचा चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. त्या ऑक्टोबरात ढाक्यात भारताने मलेशियाला २-१ असं हरवून आशिया करंडक जिंकला. डिसेंबरात भुवनेश्वरला वर्ल्ड लीगची अंतिम फेरी होती. १० डिसेंबरला जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात करकेरा उभा राहिला आणि भारत २-१ ने जिंकला.

त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. जर्मनीच्या संघात आजारपण पसरलं होतं. खेळण्याजोगे जेमतेम अकरा जण उरले होते, म्हणून त्यांनी आपला दुसरा गोलरक्षक मार्क अपेल याला मैदानी खेळाडूचा सदरा घालून आघाडीला पाठवलं. आयुष्य गोलपुढे काढलेल्या त्या माणसाने भारताच्या गोलमध्ये चेंडू घातला आणि बरोबरी करून दिली. एका टोकाला आपला राखीव गोलरक्षक, दुसऱ्या टोकाला त्यांचा राखीव गोलरक्षक गोल करतोय. ज्यांना हा सामना आठवतो ते राखीव खेळाडूंविषयी हलक्या सुरात बोलत नाहीत.

हे सामने आम्ही जिथे बसून बघतो ते नेरे गाव पनवेल तालुक्यात आहे. जवळून गाढी नदी वाहते, पूर्वेला माथेरानचा डोंगर. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन इथलंच, आणि बाहेरच्या पुष्कळांना गाव त्याच नावाने माहीत असतं. आता भाताच्या खाचरांशेजारी इमारती उठताहेत आणि मुंबईतून, ठाण्यातून नवी कुटुंबं राहायला येताहेत. हॉकी इथली नाही. इथला खेळ कबड्डी, आणि पाऊस सरून मैदान वाळलं की टेनिस बॉलचं क्रिकेट. तरी भारताचा हॉकीचा मोठा सामना असला की आमची एक लहानशी बैठक जमते. जुने कबड्डीपटू असतात, एक मास्तर असतात, आणि एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चर्चगेटजवळच्या मुंबई हॉकी असोसिएशनच्या मैदानावर, ज्याला सगळे महिंद्र स्टेडियम म्हणतात, तिथे त्यांनी तरुणपणी बाँबे गोल्ड कपचे सामने पाहिलेत. त्यांना सगळे काका म्हणतात आणि हॉकीच्या नियमांबाबत शेवटचा शब्द त्यांचा.

या बैठकीमुळे मी हॉकी वेगळ्या नजरेने बघायला लागलो, आणि त्याचं कारण कबड्डी आहे.

कबड्डीचा संघ बारा जणांचा. सात आत, पाच राखीव. रायगडात हे कुणाला शिकवावं लागत नाही. गावच्या मंडळाचा संघ स्पर्धेला टेंपोतून निघतो तेव्हा ते पाच जणही त्याच सदऱ्यात असतात. कोपरारक्षकाचा घोटा मुरगळला तर कोण आत जाणार, तिसऱ्या निर्णायक चढाईला ताज्या पायाचा कोण पाठवायचा, समोरच्यांचा उंच चढाईपटू डाव्या बाजूने हात लांबवतोय तर तिथे कोण बसवायचा, हे पेण-अलिबागकडच्या मैदानाबाहेर उभा असलेला प्रेक्षक प्रशिक्षकाच्या आधी बोलून दाखवतो. शिवाय संजीवनीचा नियम आहे. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी परत आत येतो, जो आधी बाद झाला तो आधी. म्हणून कबड्डीच्या माणसाला बाहेर बसलेला गडी खेळातून गेला असं वाटतच नाही. त्याची नजर आतल्या सातांइतकीच बाहेरच्या रांगेवर असते, कारण आता कोण परतणार यावर पुढची चढाई ठरते.

हॉकीच्या ऑलिंपिक संघात सोळा जण असतात. अकरा आत, पाच बाहेर. बाहेर इथेही पाचच. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बैठकीतल्या जुन्या कबड्डीपटूंनी लगेच विचारलं की मग ते पाच जण किती वेळा येतात. काकांनी सांगितलं, हव्या तितक्या वेळा. त्यानंतर या कबड्डीपटूंचं बघणंच बदललं. चेंडू उजव्या बगलेला असताना ते पडद्याच्या कडेला मधल्या रेषेजवळ कोण उभा आहे ते शोधतात. गोल कुणी केला यापेक्षा आत कोण आलं, हा त्यांचा पहिला प्रश्न.

मला वाटतं हॉकी बघायची हीच खरी रीत आहे. आपण अजून अकरा जणांचा खेळ म्हणून ती बघतो. खेळणारे सोळा असतात.

एकेकाळी सामना सुरू झाला की अकरांतला एकही बदलता येत नसे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधली बलबीर सिंग यांची कथा त्या नियमाशिवाय समजत नाही. त्या संघात मुंबईच्या गोवेकर आणि अँग्लो-इंडियन हॉकीचा मोठा वाटा होता. गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज ही सगळी मुंबईची मंडळी. रॉड्रिग्ज खेळू शकत नव्हते म्हणून अर्जेंटिनाविरुद्ध बलबीर यांना संधी मिळाली. भारत ९-१ ने जिंकला, त्यातले सहा गोल बलबीर यांचे. कुणालाही वाटेल की आता जागा पक्की. तसं झालं नाही, त्यांना पुन्हा बाहेर बसवलं गेलं. अंतिम सामन्यात, १२ ऑगस्ट १९४८ ला, वेंब्लीवर ब्रिटनविरुद्ध त्यांना उतरवलं. स्वतंत्र भारताने आपल्यावर राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच मैदानावर ४-० ने हरवलं, आणि पहिले दोन गोल बलबीर यांचे होते. सहा गोल करून बाहेर बसलेल्या माणसाला बाकाविषयी जे कळतं ते एरवी कुणाला कळणार नाही.

म्हणून १९७५ चा क्वालालंपूरचा विश्वचषक मला त्याच कथेचा दुसरा भाग वाटतो. संघाचे व्यवस्थापक बलबीर सिंग होते. यजमान मलेशियाविरुद्ध उपांत्य सामना, भारत १-२ ने मागे, आणि वेळ संपत आलेली. तेव्हा त्यांनी बाकावरून अस्लम शेर खान या भोपाळच्या तरुण बचावपटूला आत पाठवलं. त्याचे वडील अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिनच्या सुवर्णविजेत्या संघात होते. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. अस्लमने गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि चेंडू गोलमध्ये मारला. बरोबरी झाली, जादा वेळेत हरचरण सिंग यांनी निर्णायक गोल केला, आणि १५ मार्चला पाकिस्तानला २-१ असं हरवून भारताने विश्वचषक घेतला. पुरुष हॉकीत आपण जिंकलेला तो आजवरचा एकमेव विश्वचषक. तो गोल अस्लमचा, यात शंका नाही. पण त्याला पाठवण्याची हिंमत २७ वर्षांपूर्वी लंडनमध्ये बाहेर बसलेल्या माणसाची होती. काका ही गोष्ट सांगतात तेव्हा अस्लमच्या आधी बलबीर यांचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे.

१९९० च्या दशकात अमर्याद बदलीचा नियम आला आणि खेळ मुळातून पालटला. कृत्रिम हिरवळीने वेग आधीच वाढवला होता. पुढे सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत वाटला गेला. आता आघाडीपटू एका दमात साधारण पाच-सहा मिनिटं खेळतो आणि बाहेर येतो. आत असताना त्याने राखून धावायचं नसतं. जेवढा दम आहे तेवढा ओतायचा, कारण दोन-तीन मिनिटांत तो परत आत जाणार आहे.

हा बदल जवळून बघण्यासारखा असतो. बाहेर बोलावलेला खेळाडू मधल्या रेषेकडे पळत सुटतो. आत जाणारा रेषेशी एक पाय पुढे टाकून थांबलेला असतो. बदली मधल्या रेषेपासून तीन मीटरच्या आतच करायची, आणि पहिला पूर्ण बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही. दोघांच्या मधला तो सेकंदभर संघ दहा जणांचा असतो, म्हणून चेंडू कुठे आहे हे बघूनच हाक द्यायची असते. बाहेर आलेला माउथगार्ड काढून मोज्यात खोचतो, गुडघ्यांवर हात टेकून दोन-तीन खोल श्वास घेतो, मग पाण्याची बाटली. त्याच्या सदऱ्याखाली दोन खांद्यांच्या मध्ये एक छोटं यंत्र बसवलेलं असतं, तो किती धावला, किती वेळा पूर्ण वेगात गेला हे त्यावरून कळत असतं. सहायक टॅब घेऊन शेजारी वाकतो आणि आताच झालेली एखादी चाल दाखवतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. पेनल्टी कॉर्नर मिळाला की मात्र बदली बंद, तो संपेपर्यंत आत जे आहेत त्यांनीच निभवायचं. म्हणून कॉर्नर मारणारा त्या क्षणी आत असणं किंवा नसणं हे प्रशिक्षकाच्या हिशोबावर असतं. चांगला ड्रॅग फ्लिकर बाकावर पाणी पीत असताना कॉर्नर मिळाला, तर तो बाकावरच राहतो.

तिसऱ्या-चौथ्या आघाडीपटूविषयी आपल्याकडे जी नाराजी असते ती इथे गैरलागू ठरते. याने गोल कुठे केला, याला कशाला घेतलाय, असं आमच्या बैठकीतही सुरुवातीला व्हायचं. मास्तर त्यात पुढे असत. पण त्या खेळाडूचं काम वेगळं असतं. समोरच्या बचावपटूने चेंडू घेऊन वर यायचं ठरवलं की त्याच्या अंगावर धावून जायचं, त्याला चुकीच्या बाजूला वळवायचं, पंधरा-वीस मीटर पुन्हा मागे पळायचं, आणि हे पाच मिनिटं न थांबता. त्यामुळे जो पेनल्टी कॉर्नर मिळतो त्यावर गोल कॉर्नर मारणाऱ्या हरमनप्रीत सिंगच्या नावावर जातो. कबड्डीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उत्तम साखळी धरणाऱ्या दोन गड्यांपैकी पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागतो, दुसऱ्याने नुसता रस्ता अडवलेला असतो. गावात दोघांचं सारखंच कौतुक होतं. हॉकीच्या प्रेक्षकाने ही नजर कबड्डीच्या प्रेक्षकाकडून घ्यायला हवी असं माझं मत आहे.

टोकियोची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, पण ती या बाजूने क्वचित सांगितली जाते. जून २०२१ मध्ये भारताचा सोळा जणांचा संघ जाहीर झाला तेव्हा त्यात सिमरनजीत सिंग आणि वरुण कुमार नव्हते. दोघे पर्यायी खेळाडू होते. करोनामुळे नियम सैल झाले, संघ अठरा जणांचे झाले आणि प्रत्येक सामन्यासाठी त्यांतून सोळा निवडायची मुभा मिळाली. त्या फटीतून दोघे आत आले. वरुणने अर्जेंटिनाविरुद्ध गोल केला. सिमरनजीतने स्पेनविरुद्ध एक केला, आणि ५ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात दोन. भारत त्या सामन्यात १-३ ने मागे होता. शेवटी ५-४ असा जिंकला आणि ४१ वर्षांनी हॉकीचं ऑलिंपिक पदक घरी आलं. शेवटच्या सेकंदांत श्रीजेशने अडवलेला कॉर्नर साऱ्या देशाला पाठ आहे. पहिला आणि पाचवा गोल अशा खेळाडूचा होता, ज्याचं नाव जूनच्या यादीत नव्हतं.

पॅरिसमध्ये नियम पुन्हा घट्ट झाले. सोळा खेळाडू आणि तीन पर्यायी, म्हणजे गोलरक्षक कृष्णबहादूर पाठक, मधल्या फळीतला नीलकांत शर्मा आणि कॉर्नर मारणारा बचावपटू जुगराज सिंग. ४ ऑगस्ट २०२४ ला ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. आमच्या बैठकीत जुन्या कबड्डीपटूंचा पहिला प्रश्न होता, हा परत कधी येणार? येणार नाही, आणि त्याच्या जागी दुसराही येणार नाही, हे ऐकून त्यांना विश्वास बसेना. बाद झालेला गडी परत यायचा तर असतो. उरलेली सुमारे ४३ मिनिटं भारत दहा जणांनी खेळला. मनप्रीत सिंगसारखा मधल्या फळीतला अनुभवी माणूस मागे बचावात गेला आणि बाकावरचा प्रत्येक जण नेहमीपेक्षा जास्त धावला. त्या दिवशी बाक नसता तर दहा जण अर्ध्या तासातच दमून पडले असते. १-१ वरून सामना शूटआउटमध्ये गेला, भारताने तो ४-२ ने जिंकला. शेवटचा गोल राजकुमार पालचा. उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यातल्या करमपूरचा हा मुलगा पहिलंच ऑलिंपिक खेळत होता.

त्यानंतरचे दोन दिवस आमच्याकडे सगळ्यात जास्त वादाचे ठरले. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, हॉकी इंडियाचं अपील फेटाळलं गेलं आणि जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्याला भारत पंधरा जणांनिशी उतरला. रोहिदास कॉर्नरच्या वेळी पहिला धावून जाणारा. समोरून ड्रॅग फ्लिक सुटायच्या आत त्या चेंडूच्या रेषेत शिरायचं, म्हणजे अंगावर चेंडू घ्यायची तयारी ठेवायची. जगात फार थोडे खेळाडू हे त्याच्याइतकं चांगलं करतात. जर्मनीकडे ड्रॅग फ्लिकर गोंसालो पेइलाट होता आणि त्याने कॉर्नरवर गोल केला. भारत २-३ ने हरला. मास्तरांचं म्हणणं होतं की सोळांत अजून एक खराखुरा बचावपटू हवा होता. काकांचं म्हणणं, सोळांची निवड करताना सगळंच मिळत नाही, एक बचावपटू वाढवला की एक आघाडीपटू जातो, आणि ऑस्ट्रेलियाला ऑलिंपिकमध्ये ५२ वर्षांनी हरवलं ते त्याच आघाडीमुळे. मला काकांचं पटतं. तरी पहिला धावून जाणारा जखमी झाला किंवा बाहेर गेला तर दुसरा कोण, याचं उत्तर संघाकडे आधीपासून तयार असायला हवं होतं. एवढ्या विशेष कामासाठी एकाच माणसावर भिस्त ठेवणं धोक्याचंच होतं. ८ ऑगस्टला स्पेनला २-१ ने हरवून भारताने कांस्यपदक घेतलं आणि श्रीजेश निवृत्त झाला. पदक गळ्यात पडलेल्यांत ते तीन पर्यायी नव्हते.

सहा आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, चीनमधल्या हुलुनबुइरमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना यजमानांशी होता. चिनी बचाव फुटत नव्हता. एक्कावन्नाव्या मिनिटाला हरमनप्रीतने वर्तुळात चेंडू दिला आणि तो गोलमध्ये घातला जुगराज सिंगने, तोही मैदानी गोल, कॉर्नरवरचा नव्हे. भारत १-० ने जिंकला. पॅरिसला ज्याला सोळांत जागा नव्हती त्याने करंडक मिळवून दिला. मास्तरांनी त्या दिवशी वाद थांबवला असं नाही, पण तेव्हापासून संघ जाहीर झाला की ते आधी पर्यायी नावं वाचतात.

बाक फक्त नवख्यांच्या वाट्याला येतो असंही नाही. खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताला सुवर्ण मिळालं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, कारकिर्दीच्या शेवटी, याच माणसाला बराच वेळ बाकावर काढावा लागला. ज्यांनी १९९० च्या दशकात त्यांची धाव पाहिली, त्यांना ते दृश्य अजून सहन होत नाही. भारत सातवा आला. त्यांना कसं वापरायचं हे संघाला ठरवता आलं नाही, अशी काकांची तक्रार आहे. मीही त्यांच्याच बाजूने आहे. मोठ्या खेळाडूला बाकावर बसवायला हरकत नाही. पण त्याला त्याचं काम स्पष्ट सांगायला हवं. शेवटची दहा मिनिटं तुझी, असं ठरवून दिलं असतं, तर छत्तिसाव्या वर्षीही समोरच्या बचावाला त्यांची धास्ती राहिली असती.

महाराष्ट्राची आजची हॉकी बघायची तर साताऱ्याकडे वळावं लागतं. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे, आणि ऋतुजा पिसाळ. शेतकरी घरांतल्या या मुली. २०२२ च्या महिला विश्वचषकासाठी अठरा जणींचा संघ निवडला गेला तेव्हा अक्षता आणि संगीता कुमारी या दोघी पर्यायी होत्या. पर्यायी खेळाडूने सराव पूर्ण संघाबरोबर करायचा, बॅग तयार ठेवायची, आणि कुणी जखमी झालं तरच खेळायचं. आपल्याला संधी मिळावी अशी इच्छा धरायची म्हणजे मैत्रिणीच्या पायाला दुखापत व्हावी अशी इच्छा धरणं, आणि ती तर कुणी धरत नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने हा ताण कसा पेलायचा याचं शिक्षण कुठल्या शिबिरात मिळत असेल तर ते सगळ्यांत मोलाचं शिक्षण आहे. वैष्णवी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघात होती. सप्टेंबर २०२५ मध्ये हांगझोऊच्या आशिया करंडकात ती आणि ऋतुजा दोघी होत्या, तिथे अंतिम सामन्यात चीनकडून हार पत्करावी लागली. फलटणच्या आसपासच्या गावांमधून दोन मुली एका भारतीय संघात, ही बातमी आमच्याकडे ज्या उत्साहाने ऐकली गेली तेवढा उत्साह मी फक्त कबड्डीच्या निकालाला पाहिलाय.

हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत प्रत्येकी चोवीस खेळाडू होते. चोवीसांत सोळा भारतीय, त्यांतले किमान चार कनिष्ठ गटातले. बाकावरच्या माणसांसाठी यापेक्षा चांगली शाळा नाही, कारण जगातले उत्तम परदेशी खेळाडू तिथे त्यांच्या शेजारी बसलेले असतात. पण आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. पूर्वीच्या लीगमध्ये मुंबईचा संघ असायचा, दबंग मुंबईने २०१७ ची अंतिम फेरीसुद्धा गाठली होती. आता मराठी मुलाला आपल्या गावाच्या नावाचा सदरा घालून तिथे बसायची सोय नाही, आणि पनवेलहून लोकल पकडून जाऊन बघता येईल असा सामनाही नाही. मला ही उणीव पदकांच्या गणितापेक्षा मोठी वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला पुरुष संघाने कोरियाला ४-१ ने हरवून आशिया करंडक जिंकला आणि ऑगस्ट २०२६ च्या बेल्जियम-नेदरलँड्समधल्या विश्वचषकात जागा मिळवली. त्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला सुखजीतने गोल केला, दिलप्रीतने दोन, आणि शेवटचा अमित रोहिदासने. विश्वचषकासाठी आमच्या बैठकीची एक मागणी आहे, आणि ती प्रशिक्षकाकडे नाही. हॉकीच्या प्रक्षेपणात चेंडू बाहेर गेला की लगेच मागच्या चालीचं पुनःदर्शन सुरू होतं, आणि नेमक्या त्याच वेळात मधल्या रेषेवर दोघे-तिघे आत-बाहेर होऊन जातात. परत चित्र आलं की आत कोण आहे ते सदऱ्याच्या क्रमांकावरून शोधावं लागतं. समालोचकही बहुधा सांगत नाहीत. फुटबॉलमध्ये एक बदली झाली तरी दोघांची नावं पडद्यावर येतात. हॉकीत ती पुष्कळ वेळा होते, म्हणून प्रत्येक वेळी नको. दर भागाच्या शेवटी कोण किती मिनिटं खेळला एवढी एक पट्टी दाखवली तरी पुरे. ती माहिती बाकाशेजारच्या टॅबवर असतेच. वर्तमानपत्रांनीही गोल करणाऱ्यांच्या खाली तेवढ्या चार ओळी छापाव्यात. तोवर आमच्यातले एक जुने कबड्डीपटू वहीत सोळा क्रमांकांच्या दोन रांगा आखून बसतात. काका क्रमांक ओरडून सांगतात, मास्तर घड्याळ बघतात, आणि सामना संपल्यावरचा वाद त्या वहीवरून होतो.